पुन्हा पुन्हा वाचणे म्हणजेच उजळणी का?

खाडीकाठ (देवगड)

दहावी-बारावीच्या निकालांत कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी दरवर्षी येते आणि आता तिचे कोणाला आश्चर्यही वाटत नाही. २०२५ साली दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून होणाऱ्या आपल्या विभागाचा ९८.८२ टक्के. या यशाबद्दल मला शंका नाही; माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

माझा भाचा यंदा दहावीला असून तो आमच्याकडेच राहतो. त्यामुळे तो आणि त्याचे वाडीतले सोबती अभ्यास करतात म्हणजे नेमके काय करतात, हे मला जवळून पाहायला मिळते. धडा वाचायचा, महत्त्वाच्या वाटणाऱ्या ओळी रंगीत पेनाने रंगवायच्या आणि चाचणी जवळ आली की तोच धडा पुन्हा वाचायचा. वाचताना सगळे ओळखीचे वाटते. पुस्तक मिटून घेऊन ‘धातूंची क्रियाशीलता श्रेणी सांग’ म्हटले की मात्र चौथ्या-पाचव्या नावाशी गाडी अडते. मुलगा आळशी नाही, पहाटे उठून ओटीवर बसणारा आहे; म्हणूनच वाईट वाटते.

उजळणी कशी करावी आणि दिवाळीनंतर परीक्षेपर्यंतचा काळ कसा वापरावा, यावर जाणकारांनी आपले अनुभव लिहावेत. वेळापत्रकाचे तक्ते मात्र नकोत, ते भिंतीवर आधीच लागलेले आहेत.

निवृत्त_मास्तर (राजापूर)

आपण विचारलेला प्रश्न योग्य आहे, पण त्याच्या आडून कोणी पाठांतरावर तुटून पडण्याआधीच दोन शब्द लिहून ठेवतो. अलीकडे पाठांतर हा गुन्हा असल्यासारखे बोलले जाते. ज्या मुलाला त्रिकोणमितीची गुणोत्तरे किंवा वर्गसमीकरणाचे सूत्र तोंडपाठ नाही, त्याचा परीक्षेतला अर्धा वेळ ते आठवण्यात जातो आणि मग उदाहरणाचा विचार करायला डोके मोकळे राहत नाही. आमच्या लहानपणी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणून घेतली जात असे. ‘म्हणून घेतली जात असे’ असे मी जाणूनबुजून लिहिले आहे. पाढे वाचायला कोणी सांगत नसे; पाटी पालथी ठेवून, उभे राहून म्हणावे लागत आणि चुकले की मागच्या मुलाला संधी मिळे. आजच्या मुलांचे पाठांतर जास्त झाले आहे असे मला वाटत नाही, उलट ते म्हणून घेणारे कोणी उरलेले नाही.

कणकवली_फास्ट

मास्तर, चुकल्यावर मागच्या मुलाला संधी मिळे एवढेच आपण लिहिलेत. चुकणाऱ्याला काय मिळे, ते सभ्यपणे गाळलेले दिसते.

समुद्रफेन (रत्नागिरी)

मास्तरांनी जे अनुभवाने लिहिले, त्याला प्रयोगांचा भक्कम आधार आहे. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. एका आठवड्याने मात्र चित्र उलटले: पुन्हा वाचणाऱ्यांजवळ ४२ टक्के उरले होते आणि लिहून काढणाऱ्यांजवळ ५६ टक्के.

यातला पहिला आकडा मला दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पुन्हा वाचण्याचा फायदा लगेच दिसतो, म्हणून मुले त्यावर विश्वास ठेवतात. आठवून लिहिण्याचा फायदा उशिरा दिसतो आणि ते करताना आपल्याला काहीच येत नाही असे वाटत राहते. आपला भाचा आळशी नाही असे आपण लिहिले आहे, आणि ते खरेच असणार. त्याला फसवणारी गोष्ट आहे ती ओळखीच्या वाटण्याची. चेहरा ओळखणे आणि नाव आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि उत्तरपत्रिका दुसरे काम मागते.

अधोरेखनाबद्दल थोडे. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात रंगवणे, अधोरेखन आणि पुन्हा वाचणे यांची उपयुक्तता कमी ठरली. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागणे या दोनच पद्धतींना त्यांनी वरची जागा दिली.

दशक्रोशी

सगळे खरे असेलही, पण मंडळाची परीक्षा ही काही अमेरिकेतली प्रयोगशाळा नाही. प्रश्नांचे स्वरूप ठरलेले असते आणि मागच्या पाच-सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका नीट सोडवल्या की चांगले गुण पडतात. आपल्या विभागाचे निकाल त्याच पद्धतीने लागत आले आहेत. जे चालते आहे ते कशासाठी मोडायचे?

समुद्रफेन (रत्नागिरी)

दशक्रोशी, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे म्हणजेच स्वतःची चाचणी घेणे. आपण माझा मुद्दा खोडण्याच्या नादात त्याला अनुमोदन दिले आहे, याबद्दल आभार. अट एवढीच की त्या खरोखर सोडवल्या पाहिजेत, शेजारी उत्तरसंच उघडा ठेवून वाचून काढता कामा नये.

तिन्हीसांज (वेंगुर्ले)

मी शिक्षिका नाही, दोन मुलांची आई आहे, त्यामुळे मला आकड्यांतले कळत नाही. घरात काय जमले ते लिहिते. आमच्याकडे मासळीचा व्यवसाय आहे आणि संध्याकाळी घरात माणसांची ये-जा असते. सलग तीन तास शांतता मिळेल अशी परिस्थिती नाही. थोरलीच्या वेळी यावर खूप चिडचिड झाली. धाकट्याच्या वेळी आम्ही शांततेचा नाद सोडला आणि कामांच्या मधल्या वेळा वापरल्या. मी मासे साफ करत असताना तो पुस्तक मला देत नाही, कारण माझे हात ओले असतात; तो पुस्तक आत ठेवून येतो आणि सकाळी वाचलेला भाग मला समजावून सांगतो. मला विज्ञान येत नाही हेच इथे उपयोगी पडते. मी ‘म्हणजे काय?’ असे विचारले की त्याला पाठ केलेले वाक्य सोडून स्वतःच्या शब्दांत सांगावे लागते. भिंगाच्या धड्यात तो ‘आभासी प्रतिमा’ असे सहज म्हणून गेला. ‘आभासी असेल तर मग दिसते कशी?’ असे मी विचारले, आणि त्याला आत जाऊन पुस्तक उघडावे लागले. त्यानंतर किरणाकृती काढताना त्याचा गोंधळ झालेला मी पाहिला नाही.

खाडीकाठ (देवगड)

तिन्हीसांज ताई, आपला प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याकडे हे काम आजीकडे सोपवता येईल. तिला प्रश्न विचारायला कारण लागत नाही.

समुद्रफेन, एक शंका. अंतराअंतराने म्हणजे किती अंतराने? रोज सगळ्या विषयांचे सगळे धडे आठवत बसणे शक्य नाही.

समुद्रफेन (रत्नागिरी)

ठरावीक एक आकडा नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि पुढे मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर, एक-दोन दिवसांत व्हावी आणि नंतरचे अंतर वाढवत न्यावे. परीक्षा जितकी लांब, तितके मोठे अंतर चालते. थोडे विसरल्यावर आठवायला बसावे, पूर्ण विसरल्यावर नव्हे. आठवताना कष्ट पडले पाहिजेत. सहज आठवत असेल तर तो धडा अजून काही दिवस बाजूला राहिला तरी बिघडत नाही.

याची सोपी व्यवस्था म्हणजे चिठ्ठ्या. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात कप्प्यांची पद्धत सुचवली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहायचे. उत्तर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा भेटते. चुकले की पहिल्या कप्प्यात परत येते आणि उद्या पुन्हा समोर उभे राहते. जे येत नाही त्यावर आपोआप जास्त वेळ जातो. नाहीतर मुलांचा कल येणाऱ्या धड्यांचीच उजळणी करण्याकडे असतो, कारण त्यात आनंद असतो.

कणकवली_फास्ट

कार्डांसाठी खर्च करण्याची गरज नाही. कोकणातल्या कोणत्याही घरात जुन्या लग्नपत्रिका इतक्या साठलेल्या असतात की पदवीपर्यंतचा अभ्यास त्यांच्या कोऱ्या बाजूंवर होईल, आणि कप्प्यांसाठी हापूसचे रिकामे खोके आहेतच.

बीजगणित (कुडाळ)

मी खाजगी शिकवणीत गणित शिकवतो. इथे अजून न आलेला एक मुद्दा मला या सर्वांहून मोठा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मुले गणिताचा सराव प्रकरणवार करतात. वर्गसमीकरणांचे प्रकरण घेतले की त्यावरची सगळी शाब्दिक उदाहरणे ओळीने सोडवायची, मग अंकगणिती श्रेढी, मग संभाव्यता. वहीत सगळी उत्तरे बरोबर येतात आणि परीक्षेत तोच मुलगा अडखळतो. पालक म्हणतात, घाबरला असेल. बहुतेक वेळा तो घाबरलेला नसतो. बाप-लेकाच्या वयांवरचे उदाहरण दोन चलांतील रेषीय समीकरणांनी सुटेल की वर्गसमीकरण मांडावे लागेल, हा निर्णय घेण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते, कारण सरावाच्या वेळी पानाच्या माथ्यावरचे प्रकरणाचे नावच तो निर्णय घेऊन टाकते. श्रेढीतही असेच होते: प्रश्न n वे पद विचारतो की n पदांची बेरीज, हे ओळखण्यातच निम्मी मुले गोंधळतात, सूत्रे दोन्ही पाठ असतात.

म्हणून दिवाळीनंतर मी प्रकरणवार सराव बंद करतो. वेगवेगळ्या प्रकरणांतली उदाहरणे शीर्षकाशिवाय, क्रम मोडून देतो आणि पहिल्या फेरीत सोडवायला सांगतच नाही. हे कोणत्या रीतीने सुटेल आणि कशावरून, एवढेच लिहायला लावतो. पहिले काही दिवस मुलांचे गुण घसरतात आणि पालकांचे फोन येतात. त्यांना थांबा म्हणावे लागते.

हे गणितापुरतेच नाही. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. एका दिवशी भारताचे हवामान आणि आठवड्याने ब्राझीलचे हवामान असे वाचणारा मुलगा दोन्ही पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत एकमेकांत मिसळतो. दोन्ही शेजारी ठेवून, फरक कशामुळे पडला हे विचारत अभ्यास केला तर ते पुस्तक ज्या हेतूने रचले आहे तो साधतो.

गडनदी

माझ्या मुलाच्या बाबतीत एका समुपदेशकांनी सांगितले की तो ‘दृश्य’ पद्धतीने शिकणारा आहे, त्याला लिहायला लावू नका, चित्रफिती दाखवा. इथले सल्ले त्याला लागू होतील का?

समुद्रफेन (रत्नागिरी)

मुलांची आवड वेगवेगळी असते हे मान्य, पण प्रत्येकाची एक शिकण्याची शैली असते आणि त्याच शैलीत शिकवल्यास तो अधिक शिकतो, या कल्पनेला पुरेसा पुरावा नाही, असे हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात दाखवले आहे. हृदयाची रचना सर्वांनीच आकृतीने शिकावी आणि कविता सर्वांनीच ऐकावी. चित्रफीत अवश्य दाखवा. ती संपल्यावर भ्रमणध्वनी बाजूला ठेवून त्यातली आकृती कोऱ्या कागदावर काढायला सांगा. शेवटी परीक्षा लेखीच आहे.

पाखाडी (गुहागर)

ओळखीचे वाटणे आणि येणे यांतला फरक मुलांना समजावून सांगायचा असेल तर गणपतीच्या आरत्यांकडे बोट दाखवावे. दरवर्षी घरोघर टाळ वाजवत पाच-सहा आरत्या खणखणीत आवाजात म्हणणाऱ्या कोणालाही एकट्याला उभे करून दुसरे कडवे सुरू करायला सांगा. दहांतले आठ जण टाळच वाजवत राहतील. समूहात पुढचा शब्द दुसरा कोणीतरी अर्धा क्षण आधी म्हणतो आणि आपण त्यावर स्वार होतो. पुस्तक उघडे ठेवून केलेली उजळणी तशीच असते.

निवृत्त_मास्तर (राजापूर)

पाखाडी, हे वाचून मी घरात खाजगीत प्रयोग करून पाहिला. निकाल जाहीर करण्याची गरज मला वाटत नाही.

बीजगणित सरांचा मुद्दा पटला, पण त्यात एक धोका आहे. ज्याला वर्गसमीकरण मांडताच येत नाही, त्याच्यापुढे सरमिसळ उदाहरणे टाकली तर तो फक्त खचेल. आधी एकेक रीत हाताखालून गेली पाहिजे, मग मिसळावी. लांब वाडी-वस्तीवरच्या शाळांत अशी मुले बरीच असतात, आणि विभागाचा निकाल कितीही चांगला लागला तरी ३५ गुणांवर उत्तीर्ण झालेला मुलगाही त्या टक्केवारीत धरलेला असतो, हे विसरू नये. कोऱ्या कागदावर आठवून लिहिण्यालाही हेच लागू आहे. जे मुळात समजलेले नाही ते आठवणार कुठून?

बीजगणित (कुडाळ)

मास्तर, पूर्ण सहमत आहे. मी दिवाळीनंतर असे लिहिले, ते त्यासाठीच.

परशुराम_घाट (चिपळूण)

मी सध्या राज्यसेवेची तयारी करत आहे, तेव्हा स्पर्धा परीक्षांकडून थोडे लिहितो. आपल्याकडची मुले मंडळाच्या परीक्षेत चमकतात आणि पुढच्या परीक्षांत त्यांना वेगळेच वारे लागते. त्याचे एक कारण मला परीक्षेच्या जातीत दिसते. बारावीच्या लेखी परीक्षेत पायऱ्यांना गुण मिळतात. सीईटीत, म्हणजे अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत, गणिताची ५० उदाहरणे ९० मिनिटांत सोडवायची असतात आणि पायऱ्या कोणी पाहत नाही. तिथे चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत चुकीला एक गुण जातो, आणि राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश कापले जातात. कुठे थांबायचे हेही सरावानेच कळते, आणि तो सराव घड्याळ लावून केला नाही तर होत नाही. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर अनेकांना पर्यायांवर खुणा करण्याची सवय मोडून पुन्हा लिहायला शिकावे लागत आहे.

माझी पद्धत अशी आहे की सराव चाचणी झाल्यावर गुणांपेक्षा चुकांची वही महत्त्वाची. प्रत्येक चुकीपुढे ती माहिती नसल्याने झाली, प्रश्न घाईने वाचल्याने झाली की दोन पर्यायांत डळमळल्याने झाली, हे लिहितो. तिसऱ्या प्रकारच्या चुका पुस्तक पुन्हा वाचून सुटत नाहीत.

दशक्रोशी

एवढे सगळे लिहिले गेले, पण शिमग्याबद्दल कोणी बोलत नाही. २०२५ साली दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी झाली आणि होळी १३ मार्चला आली. पालखी दारात येते, रात्रभर ढोल वाजतो, मुंबईहून माणसे आलेली असतात, आणि मुलाला सांगायचे की तू भूगोल वाच. याचे उत्तर आपल्या संशोधकांकडे आहे का?

तिन्हीसांज (वेंगुर्ले)

आमच्याकडे उत्तर सोपे आहे. पालखी येईल तेव्हा मुलाने दर्शन घ्यावे, ओटी भरताना हजर राहावे आणि मग शेजारच्या वाडीत मावशीकडे झोपायला जावे. मुलाला कोंडून ठेवले तर तो पुस्तकापुढे बसून ढोलच ऐकतो. रात्रीची झोप मात्र कोणत्याही कारणाने मोडू देऊ नये.

समुद्रफेन (रत्नागिरी)

ताईंच्या शेवटच्या वाक्याला जोड देतो. दिवसा शिकलेले स्मृतीत पक्के होण्याचे बरेच काम झोपेत चालते, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचणारा मुलगा नवे थोडे मिळवतो आणि असलेले डळमळीत करतो. पहाटे उठणे चांगले की रात्री जागणे, हा वाद मला निरर्थक वाटतो. पहाटे चारला उठायचे असेल तर रात्री नऊला अंथरुणावर पडावे लागेल, आणि घरातला टीव्ही तेव्हा बंद असेल का, हा प्रश्न मुलाला नव्हे, मोठ्यांना विचारायचा आहे.

खाडीकाठ (देवगड)

सर्वांचे प्रतिसाद वाचून घरात चर्चा झाली. भाच्याने रंगीत पेने ठेवून दिली आहेत असे मी म्हणणार नाही. ती त्याला प्रिय आहेत आणि आठवून लिहिल्यानंतर जे सुटले तेवढेच पुस्तकात रंगवावे, अशी तडजोड ठरली. धडा वाचून झाल्यावर कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, मग पुस्तकाशी ताडून पाहायचे, आणि तोच धडा दोन दिवसांनी व नंतर आठवड्याने कागदावरच उतरवायचा, हे सुरू केले आहे. पहिल्या दिवशी ‘उष्णता’ प्रकरणातले अर्धे पानही भरले नाही आणि तो बराच नाराज झाला. त्याला समुद्रफेन यांचे ८१ आणि ४२ हे आकडे दाखवले. आता क्रियाशीलता श्रेणी आजीला रोज ऐकावी लागते. पोटॅशियम पहिले कशाला, या तिच्या प्रश्नाचे उत्तर अजून तिला पटलेले नाही.

एक शेवटची गोष्ट विचारायची राहिली. शेवटच्या पंधरवड्यात नवे काही घ्यावे की नाही, आणि पूर्ण प्रश्नपत्रिका कितीदा सोडवाव्यात?

बीजगणित (कुडाळ)

राहून गेलेले एखादे प्रकरण छोटे आणि भरपूर गुणांचे असेल तर पंधरवड्याच्या सुरुवातीला घ्यावे. शेवटच्या आठवड्यात अजिबात घेऊ नये. पूर्ण प्रश्नपत्रिका प्रत्येक विषयाच्या दोन-तीन पुरेत, पण त्या परीक्षेच्याच वेळी, म्हणजे सकाळी अकराला, घड्याळ लावून सोडवाव्यात. बीजगणित आणि भूमिती हे ४०-४० गुणांचे, दोन-दोन तासांचे वेगळे पेपर आहेत, तेव्हा ते एकत्र सोडवू नयेत. २०२३ पासून मंडळ शेवटी दहा मिनिटे वाढवून देते. ती उत्तरे तपासण्यासाठी राखून ठेवावीत, त्यांच्या भरवशावर सावकाश लिहू नये.

निवृत्त_मास्तर (राजापूर)

आणि सोडवलेली प्रश्नपत्रिका मुलाने स्वतः तपासू नये. मुलगा स्वतःला पायऱ्यांचे गुण फार उदारपणे देतो. भाच्याची भूमितीची उत्तरपत्रिका छायाचित्र काढून मला पाठवली तरी चालेल. मला सध्या दुपारचा वेळ रिकामा असतो आणि लाल पेन अजून घरात आहे.